इंडोनेशियात कामाला येताय? ऑफिसात कसं वावरायचं ते आधी वाचून घ्या

चाकण, भोसरी, रांजणगावातून उठून जकार्ताच्या पूर्वेकडच्या चिकारांग, कारावांग, पुरवाकार्ता या कारखान्यांच्या पट्ट्यात येणारी बरीच मराठी मंडळी मला भेटतात. कोणी ऑटो पार्ट्समध्ये, कोणी टेक्स्टाइलमध्ये, कोणी जकार्तात आयटी नाहीतर फायनान्समध्ये. टीव्हीएसचा प्लांट कारावांगला आहे, बिर्ला ग्रुपचा रेयॉनचा कारखाना पुरवाकार्ताला आहे, आणि जकार्तातल्या तीनचाकी रिक्षाला तर लोक सरळ बजाजच म्हणतात. मी इकडे एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत सप्लायर क्वालिटी बघते आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगत असते, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

व्हिसाची कागदं एजंट करतो, घर ऑफिसवाले शोधून देतात, पण इथल्या माणसांशी बोलायचं कसं हे कोणी सांगत नाही आणि गाडी नेमकी तिथेच अडकते. आपली माणसं कामाला वाघ असतात, पण मोठा आवाज, सतत घाई आणि चारचौघांत तोंडावर बोलून टाकायची सवय, या तीन गोष्टी इथे चालत नाहीत.

आधीच एक सांगते, देश प्रचंड मोठा आहे, सतरा हजारांच्या वर बेटं, तीन टाइम झोन. मी लिहितेय ते मुख्यतः जावा बेटावरच्या ऑफिस आणि कारखान्यांबद्दल. सुमात्रातल्या मेदानकडचे बाटाक लोक आपल्यासारखेच सडेतोड बोलतात, त्यांच्याशी बोलताना तुम्हाला एकदम मोकळं वाटेल, पण त्यावरून सगळा देश तसाच असेल असं समजू नका.

१. निघायच्या आधी: कागदपत्रं

नोकरीला येत असाल तर क्रम असा असतो. कंपनी आधी मनुष्यबळ मंत्रालयाकडून परदेशी माणूस ठेवायची परवानगी घेते, तिला इथे आरपीटीकेए म्हणतात. मग वर्क व्हिसा आणि त्यावर राहण्याचा परवाना, म्हणजे कितास. परदेशी माणसामागे दरमहा १०० डॉलर सरकारकडे भरावे लागतात, ते कंपनीने भरायचे असतात, तुमच्या पगारातून कापायची भाषा कोणी केली तर तिथेच थांबवा.

सोबत काय काय ठेवायचं:

- पासपोर्ट, मुदत भरपूर शिल्लक असलेला (वर्षाच्या कितासला साधारण १८ महिने मागतात, कमी असेल तर आधी रिन्यू करा)
- डिग्री सर्टिफिकेट आणि आधीच्या कंपन्यांची अनुभवपत्रं, पदाचं नाव स्पष्ट लिहिलेली
- बायको-नवरा-मुलं येणार असतील तर विवाह नोंदणी आणि जन्म दाखले, अपॉस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून आपल्या सरकारचा अधिकृत शिक्का) करून. इंडोनेशियात अपॉस्टिल जून २०२२ पासून चालतं, त्यामुळे आता दूतावासाच्या फेऱ्या वाचतात
- पासपोर्ट साइज फोटो, कागदी आणि फोनमध्ये दोन्ही, मागचा रंग कुठला हवा ते एजंटला विचारून काढा
- चालू औषधांचं डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन. झोपेच्या किंवा जबरदस्त पेनकिलर गोळ्या चिठ्ठीशिवाय आणूच नका, ड्रग्जचे कायदे इथे फार कडक आहेत, तस्करीला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे

आता सगळ्यात मोठा सापळा. भारतीय पासपोर्टवर व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, ५ लाख रुपिया, ३० दिवस, एकदा वाढवता येतो. त्यावर मीटिंग करता येते, माल बघता येतो, पण काम करता येत नाही. तरी कंपन्या घाईत इंजिनिअरला त्याच व्हिसावर पाठवतात, "चार दिवसांचं तर काम आहे, मशीन लावून ये" म्हणून. इमिग्रेशनवाले कारखान्यात तपासणीला येतात, आणि हातात स्पॅनर घेतलेला माणूस सापडला तर डिपोर्ट करून पुन्हा प्रवेशबंदी लावू शकतात. मशीन बसवायला, दुरुस्तीला वेगळा व्हिसा आहे, तोच मागा. साहेब रागावले तरी चालतील.

दुसरं, परवान्यावर जे पद लिहिलंय तेच काम करायचं. एचआरची पदं तर परदेशी माणसाला कायद्यानेच बंद आहेत, त्यामुळे कार्डावर तसलं काही छापून घेऊ नका.

२. फोन, पैसा, रस्ता

फोन भारतातून आणणार असाल तर विमानतळावरच कस्टम्सकडे त्याचा आयएमईआय नंबर नोंदवून घ्या, नाहीतर काही दिवसांनी इथलं सिम त्या फोनवर चालणं बंद होतं. महागड्या फोनवर टॅक्स लागतो, पावत्या जवळ ठेवा.

पैशाचे आकडे बघून पहिले काही दिवस डोकं गरगरतं. हे पाठच करा: रिबू म्हणजे हजार, जुता म्हणजे दहा लाख, मिलियार म्हणजे शंभर कोटी, त्रिलियुन म्हणजे एक लाख कोटी. आपण लाख-कोटीत विचार करणारे, त्यामुळे जुता ऐकलं की मनात पटकन लाख येतं आणि दहापटीचा घोळ होतो. शिवाय इथे हजाराच्या जागी टिंब आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात, आपल्या बरोबर उलट. कोटेशनमध्ये एक टिंब पाचशे दिसलं तर ते दीड नाही, दीड हजार आहे. एक्सेल शीट भारतात पाठवताना हे नीट बघा.

जकार्तात ट्राफिक भयंकर. मोठ्या रस्त्यांवर कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम नियम असतो. दिवसाला दोन मीटिंग धरा, तिसरी धरू नका. २०१९ पासून मेट्रो आहे, मीटिंग सुदीरमान रस्त्याच्या आसपास असेल तर तिनेच जा.

३. हाक कशी मारायची

पुरुषाला पाक, बाईला इबू, आणि पुढे पहिलं नाव. आडनावाने हाक मारायची पद्धत नाही, कारण कित्येकांना आडनावच नसतं. देशाचे पहिले दोन्ही राष्ट्राध्यक्ष, सुकार्नो आणि सुहार्तो, यांना एकच नाव होतं. त्यामुळे फॉर्मवर कोणी एकच नाव लिहून दिलं तर "पूर्ण नाव लिहा" म्हणून परत पाठवू नका, ते पूर्णच असतं.

तुम्ही सचिन कुलकर्णी असाल तर इथे पाक सचिन. वयाने लहान किंवा बरोबरीच्या मुलाला मास, मुलीला म्बाक म्हणतात, हॉटेलातल्या वेटरलाही तसंच. बालीच्या लोकांची नावं वायान, माडे, न्योमान, केतुत अशी जन्माच्या क्रमाने असतात, एकाच ऑफिसात तीन माडे भेटतील, दुसरं नाव विचारून लिहून ठेवा.

नुसतं नाव घेऊन हाक मारणं उद्धटपणाचं दिसतं. आपल्या आयटी कंपन्यांत सीईओलाही नावाने हाक मारतात ती सवय इथे सोडा. व्हॉट्सअॅपवरसुद्धा पाक, इबू लावूनच मेसेज. आणि व्हॉट्सअॅप इथे जोरात चालतं, मेल पाठवली की "पाक, मेल पाठवलीय" असा मेसेज टाकावाच लागतो, नाहीतर ती मेल कोणी उघडेल याची खात्री नाही.

४. पहिली मीटिंग

हात मिळवताना हळू धरतात आणि मग तोच हात क्षणभर छातीला लावतात. घट्ट पकडून जोरात हलवू नका. बाईने हात पुढे केला तरच मिळवा, नाहीतर दोन्ही तळवे जोडून मान झुकवा, आपल्या नमस्काराला फार जवळचं आहे ते. मी स्वतः बाई असल्यामुळे उलट बाजूनेही सांगते, काही धार्मिक वळणाचे पुरुष बाईशी हात मिळवत नाहीत, त्यात अपमान काही नसतो, आपण आधीच हात छातीशी नेला की दोघांनाही सोपं जातं.

डावा हात द्यायला-घ्यायला वापरायचा नाही, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पण बोट रोखून कोणाकडे दाखवू नका, उजव्या हाताचा अंगठा पुढे करून दाखवतात. कमरेवर दोन्ही हात ठेवून उभं राहिलं की तुम्ही चिडलात असा अर्थ घेतात, शॉप फ्लोअरवर आपण नकळत तसेच उभे राहतो, तेवढं जपा. मोठ्या माणसांच्या समोरून जाताना थोडं वाकून, उजवा हात खाली धरून "पर्मिसी", म्हणजे जरा जाऊ द्या, म्हणत जातात. नवख्या परदेशी माणसाने हे केलं की समोरच्यांचा चेहरा खुलतो, बघाच.

मीटिंग लगेच कामावर येत नाही. प्रवास कसा झाला, जेवलात का, मुलं किती, कुठल्या गावचे, हे सगळं होतं. लग्न झालं का, धर्म कुठला, हेही विचारतात, आपल्याला याची सवय आहेच. लग्न झालेलं नसेल, मुलं नसतील तर "नाही" न म्हणता "बेलुम", म्हणजे अजून नाही, एवढंच म्हणायचं, तिथे विषय संपतो. या गप्पांना वेळ वाया गेला असं धरू नका, याच वेळात ते ठरवत असतात की हा माणूस आपल्याबरोबर चालेल का.

समोर चहा-पाणी, खाऊचा बॉक्स येईल. "सिलाकान", म्हणजे घ्या ना, असं ते म्हणेपर्यंत थांबा, मग घ्या. अगदीच नको असेल तरी एक घोट घ्या.

बोलायला आधी त्यांच्यातला सगळ्यात मोठा माणूस सुरुवात करतो. मधे तोडायचं नाही. आपण दोन मराठी माणसं एकमेकांचं वाक्य पुरं करत बोलतो आणि त्यात आपुलकी असते, इथे तेच दादागिरी वाटते. प्रश्न विचारायचा तर "इजिन बर्तान्या पाक", म्हणजे विचारायची परवानगी द्या, असं म्हणून विचारा. आणि शेवटी ग्रुप फोटो असतोच असतो, घाईने बॅग उचलून निघू नका.

व्हिजिटिंग कार्डावर एक बघायचं. इथल्या पीटी, म्हणजे आपल्या लिमिटेड, कंपनीत रोजचा कारभार दिरेक्सी, म्हणजे डायरेक्टर मंडळ, चालवते आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला कोमिसारिस असतात. कोमिसारिस म्हणजे कित्येकदा मालक कुटुंबातली वडीलधारी व्यक्ती. मीटिंगभर गप्प बसलेले आजोबाच शेवटी ठरवणारे असू शकतात. त्यांना विसरून तरुण डायरेक्टरशीच इंग्रजीत फडाफडा बोलत बसणं हा सगळ्यात नेहमीचा घोटाळा.

५. "हो" आलं म्हणजे काम झालं असं नाही

हा भाग सावकाश वाचा.

इथे तोंडावर नाही म्हणणं समोरच्याला दुखावणं समजतात, आणि वरच्या माणसाला नाही म्हणणं तर फारच जड. म्हणून नकार वेगळ्या कपड्यांत येतो. "अगाक सुसाह" म्हणजे थोडं अवघड आहे, हे ऐकलं की ते होणार नाही असंच धरा. "दिउसाहाकान", प्रयत्न करतो, हे बहुतेक वेळा नाहीच्या जवळ. "नांती", नंतर बघू, याला तारीख नसते. "इन्शाअल्ला" मनापासूनही असतं आणि टाळायलाही असतं, चेहरा बघून ओळखायचं. आणि अवघड प्रश्नावर समोरचा नुसता हसला, तर तो मजेत नसतो, अडचणीत असतो.

मग खरं कळणार कसं? "शुक्रवारपर्यंत पार्ट मिळतील ना?" असं विचारलंत तर उत्तर "हो" हेच येणार, तुम्ही प्रश्नच तसा विचारलात. त्याऐवजी विचारा, कच्चा माल किती आलाय, आत्ता कुठलं ऑपरेशन चालू आहे, फोटो पाठवाल का, आमच्याकडून काय अडलंय. "आमच्याकडून" हा शब्द महत्त्वाचा, त्याने दोष त्यांच्या अंगावरून उतरतो आणि मग खरी अडचण बाहेर येते. बऱ्याच वेळा अडचण लहान असते, ड्रॉइंगमध्ये एक माप दिसत नाही एवढीच, पण विचारायला संकोच वाटला म्हणून आठवडाभर मशीन उभं असतं.

इथे लोक स्वतःच एक वाक्य वापरतात, असाल बापाक सनांग, म्हणजे साहेब खूश राहिले की झालं. रिपोर्टमध्ये सगळं हिरवं दिसतं ते यामुळे. तुम्ही मॅनेजर म्हणून येत असाल तर वाईट बातमी आणणाऱ्याला सगळ्यांसमोर थँक्यू म्हणायची सवय लावून घ्या, दोन-तीनदा तसं झालं की मग लोक खरं सांगायला लागतात.

निर्णय चर्चेने, सगळ्यांची संमती घेऊन करायची पद्धत आहे, देशाच्या पंचशीलातही, म्हणजे पंचासिलातही, हे तत्त्व आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की मीटिंगमध्ये काही ठरत नाही, ते आधीच ठरलेलं असतं. तुमचा प्रस्ताव असेल तर आदल्या दिवशी एकेकाला कॉफीला घेऊन जा, त्याचं म्हणणं ऐका, बदल करा. मीटिंगमध्ये अचानक नवीन मुद्दा टाकून सगळ्यांना चकित करायला जाऊ नका, सगळे माना डोलवतील आणि पुढे काहीच होणार नाही.

मान डोलावण्यावरून आठवलं. आपली ती डावी-उजवीकडे हलणारी मान इथल्या लोकांना कळत नाही, हो की नाही ते सांगता येत नाही त्यांना. तोंडाने स्पष्ट बोला. कोणी मजेत "अच्छा अच्छा" म्हणत मान हलवून दाखवेल, हिंदी सिनेमावरच्या प्रेमातून आहे ते, हसून सोडून द्या, शाहरुख खानवर दोन वाक्यं बोललात तर दोस्तीच होईल.

६. आवाज चढवायचा नाही

माझ्या ओळखीच्या एका मॅनेजरने इकडे आल्यावर लगेच एका लाइन लीडरला ऑपरेटर्ससमोर झापलं. चूक लाइन लीडरचीच होती, रिजेक्शन वाढलं होतं, मुद्दा शंभर टक्के बरोबर. तो मुलगा मान खाली घालून "माफ करा पाक" म्हणाला आणि साहेबांना वाटलं काम झालं. त्यानंतर कोणी त्यांच्याबरोबर जेवायला बसेना, आकडे उशिरा यायला लागले, आणि थोड्या दिवसांनी त्या मुलाने घरचं कारण सांगून राजीनामा दिला, त्याच्यामागून आणखी काही जणांनी. भांडण नाही, तक्रार नाही. इथे माणूस तुमच्याशी भांडत नाही, फक्त तुमच्यापासून लांब होतो, आणि तुम्हाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून चूक दाखवायची ती एकट्याला, खोलीत, दार लावून, आधी घरच्यांची चौकशी करून, मग हळू आवाजात. फार नाजूक असेल तर मधला माणूस वापरा, प्रत्येक ऑफिसात अशी एक जुनी इबू असते, अॅडमिनला नाहीतर अकाउंट्सला, जिचं सगळे ऐकतात. तिला सांगितलेलं योग्य ठिकाणी, योग्य शब्दांत पोचतं.

मेलमध्ये साहेबांना सीसी करून दबाव आणणं हेही चारचौघांत ओरडण्यासारखंच. आधी फोन करा. आणि भारतातल्या ऑफिसलाही हे समजावून सांगा, कारण कॉलवर तिकडून कोणीतरी "व्हाय इज इट नॉट डन" म्हणून ओरडतं आणि तुमची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात जाते.

७. नमाज, रमजान, लेबारान: कॅलेंडर आधी भिंतीवर लावा

जकार्ता आपल्यापेक्षा दीड तास पुढे. शुक्रवारी दुपारी साडेअकरा ते एक पुरुष मशिदीत असतात, म्हणजे आपले सकाळचे दहा ते साडेअकरा. भारतातली ऑफिसं नेमका त्याच वेळी रिव्ह्यू कॉल ठेवतात. तसंच आपल्याकडचे साडेचार म्हणजे इथले सहा, मगरिबच्या नमाजाची वेळ. कॉल लांबला तर "नमाजाला ब्रेक घेऊया का" असं तुम्हीच म्हणा, ते स्वतःहून म्हणणार नाहीत.

रमजानात कामाचे तास कमी होतात, दुपारनंतर लोक थकलेले असतात, मोठी ऑडिट्स तेव्हा ठेवू नका. उपवास करणाऱ्यांच्या समोर खाऊ-पिऊ नये, कोपऱ्यातल्या खोलीत खाल्लं तर कोणी काही म्हणत नाही. संध्याकाळी एकत्र रोजा सोडायला बोलावतात, त्याला बुकबर म्हणतात. बोलावलं तर नक्की जा. वर्षभर मीटिंगा करून जी ओळख होत नाही ती तिथे खजूर आणि गोड सरबतावर होते.

मग लेबारान, म्हणजे ईद. अख्खा देश गावाला निघतो. तारीख दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकते, त्यामुळे मागच्या वर्षीचं प्लॅनिंग कॉपी करू नका. मोठ्या ट्रकना त्या दिवसांत टोल रोडवर बंदी घालतात, माल आधी हलवून ठेवावा लागतो. आणि बोनस, टीएचआर (उच्चार तेहाएर) म्हणतात त्याला, वर्ष भरलेल्या कामगाराला एका महिन्याचा पगार, सणाच्या किमान सात दिवस आधी, कायद्याने. वर्ष भरलं नसेल तर त्या प्रमाणात. तुमच्या हाताखाली टीम असेल तर बजेटमध्ये हे धरलंय का बघा, आणि घरी काम करणाऱ्या बाईंचाही विचार करा.

सुट्टीनंतर ऑफिसात सगळे एकमेकांची माफी मागतात, "मोहोन माआफ लाहिर दान बातिन". रांगेत उभे राहून तुम्हीही म्हणा. मागे काही कटुता झाली असेल तर धुवून टाकायची हीच वेळ.

८. कपडे

सूट क्वचित लागतो. लांब बाह्यांचा चांगला बाटिक शर्ट इथे पूर्ण फॉर्मल, मंत्र्याला भेटायलाही चालतो. शुक्रवारी बऱ्याच ऑफिसांत बाटिक असतंच, आणि २ ऑक्टोबर हा बाटिक दिवस, २००९ मध्ये युनेस्कोने मान दिला तेव्हापासून. आपल्याकडे त्या दिवशी गांधीजयंतीची सुट्टी असते, इथे नसते, त्या दिवशी बाटिक घालूनच कामावर जायचं. योग्याकार्ताच्या राजवाड्यात जाणार असाल तर पारांग नावाची तिरक्या लाटांची नक्षी टाळा, ती तिथे राजघराण्याची. बायकांना माझा सल्ला, खांदे झाकलेला कुर्ता मस्त चालतो, कोणी कौतुकच करतं.

९. शाकाहारी असाल तर

नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही, भाजीवर चिकनचा तुकडा येऊ शकतो. एकेक नाव घेऊन सांगा: "तानपा डागिंग, तानपा आयाम, तानपा इकान, तानपा उडांग, तानपा तरासी", म्हणजे मांस, चिकन, मासे, कोळंबी, तरासी यांशिवाय. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, तरासी म्हणजे सुकट वाटून केलेली पेस्ट, ती चटणीत, गाडो-गाडो या भाज्यांच्या सॅलडवरच्या शेंगदाणा सॉसमध्ये, पालेभाजीत कुठेही असते. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि तोफू मात्र गल्लोगल्ली, त्यावर माणूस आरामात राहतो. चिनी बौद्ध मंडळींची शाकाहारी हॉटेलं जकार्तात आहेत, आणि पासार बारू भागात जुनी भारतीय वस्ती, गुरुद्वारा, किराणा सगळं मिळतं.

पादांग, म्हणजे सुमात्राच्या पादांग पद्धतीच्या, हॉटेलात बसलात तर न मागता पंधरा-वीस बशा टेबलावर येतील, घाबरू नका, ज्यातलं खाल तेवढ्याचेच पैसे.

१०. करार आणि सह्या

इंडोनेशियन कंपनीबरोबरचा करार बहासा इंडोनेशियात असावा लागतो, २००९ च्या २४ नंबरच्या कायद्याने. सोबत इंग्रजी ठेवता येतं, पण नुसत्या इंग्रजीवर सही करू नका. २०१३ साली पश्चिम जकार्ताच्या कोर्टाने फक्त इंग्रजीत असलेला कर्जाचा करार याच कारणाने रद्द ठरवला आणि पुढे सुप्रीम कोर्टानेही तो निकाल कायम ठेवला. शपथबद्ध भाषांतरकाराकडून भाषांतर करून घ्या.

मग मेतेराई, म्हणजे १० हजार रुपियाचं रेव्हेन्यू तिकीट, सही अर्धी त्यावर आणि अर्धी कागदावर येईल अशी करायची. आणि कंपनीचा शिक्का. शिक्का नसलेला कागद इथे कोणी गंभीरपणे घेत नाही, भारतातून स्कॅन मागवताना आठवणीने शिक्का मारून घ्या. सही करणाऱ्याला कंपनीच्या घटनेप्रमाणे अधिकार आहे का तेही विचारा, यात कोणाला राग येत नाही.

११. भेटवस्तू, फुलं, पाकिटं

सुट्टीवरून परत येताना ऑफिससाठी खाऊ आणायची पद्धत आहे. बाकरवडी, चिवडा, सोनपापडी छान संपते. डब्यावर काय काय आहे ते सांगा, मांस-दारू-जिलेटिन नाही हे कळलं की निर्धास्त खातात. गिफ्ट तुमच्यासमोर उघडणार नाहीत, तुम्हीही उघडू नका.

लग्नाला पाकीट, मयताला त्याच दिवशी जाऊन भेटणं आणि पाकीट. व्हेंडरच्या नव्या कारखान्याचं उद्घाटन असेल तर दारात मोठमोठे फुलांचे फलक लागतात, त्यात तुमच्या कंपनीचा नसेल तर लक्षात येतं.

सरकारी माणसाला मात्र काहीही देऊ नका, सणाचं बास्केटसुद्धा. त्यांना मिळालेल्या भेटी भ्रष्टाचारविरोधी आयोगाकडे, केपीकेकडे, ३० कामाच्या दिवसांत कळवाव्या लागतात, तुम्ही त्यांना अडचणीत आणाल. एजंट म्हणाला "सगळेच देतात" तरी नाही.

१२. काय बोलावं, काय टाळावं

जकार्तात राष्ट्रीय स्मारकाजवळ अर्जुनाच्या रथाचा भलामोठा पुतळा आहे, बांडुंगच्या आयटीबी या नामांकित इंजिनिअरिंग संस्थेच्या चिन्हात गणपती आहे, वायांगच्या, म्हणजे इथल्या पारंपरिक बाहुल्यांच्या, खेळात पांडव आहेत. हे बघून आपल्याला भरून येतं आणि तोंडातून निघतं, "हे सगळं आमच्याकडूनच आलंय". हे वाक्य गिळा. त्यांनी महाभारत शेकडो वर्षं स्वतःचं केलंय, सेमार, गारेंग अशी पात्रं घातलीत जी आपल्याकडे नाहीतच. त्याऐवजी विचारा, तुमच्यात भीम कसा आहे, घटोत्कच कसा आहे, तासभर रंगून सांगतील.

१९६५ चं हत्याकांड, १९९८ च्या दंगली, पापुआ प्रांतातली स्वातंत्र्याची चळवळ, चिनी वंशाचे लोक, हे विषय तुम्ही काढायचे नाहीत. धर्मावर तुलना नको, भारत-पाकिस्तानही नको. कार्यक्रमात भाषण करायची वेळ आली तर सुरुवातीला सगळ्या धर्मांचे नमस्कार ओळीने म्हणतात, अस्सलामु अलैकुमपासून ओम स्वस्त्यस्तु, नमो बुद्धायपर्यंत, ते कागदावर लिहून घ्या, टाळ्या मिळतात.

१३. भाषा

इंग्रजीवर जकार्तात भागतं, कारखान्यात नाही. बहासात क्रियापद काळाप्रमाणे किंवा कर्त्याप्रमाणे बदलत नाही, लिंग नाही, आणि आपल्याला उच्चार सोपे जातात, रोमन लिपीतला सी म्हणजे च एवढं लक्षात ठेवलं की चिकारांग, चिरेबोन सगळं वाचता येतं. परदेशी कामगाराला भाषेचं शिक्षण देणं ही कंपनीची जबाबदारी नियमातच आहे, पण न मागता सहसा कोणी देत नाही. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच एचआरला विचारा, आणि क्लास कामाच्या वेळेत, शॉप फ्लोअरचे शब्द शिकवणारा मागा: माल, दोष, माप, थांबवा, पुन्हा तपासा. बाकी ऑपरेटर शिकवतील.